तीनशे प्रश्नावल्या आणि चार मुलं

“एन किती?”

“चार.”

एन म्हणजे अभ्यासात घेतलेल्यांची संख्या. समितीतले एक सर हसले. वाईट हसले नाहीत, एखाद्याची जीभ घसरली की आपण हसतो तसे. म्हणाले, “चारशे म्हणायचंय ना मॅडम?”

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे माणसाला रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणारी. तेव्हा परळच्या आसपास एका रुग्णालयात नोकरी करून पार्टटाइम पीएचडीसाठी नाव घातलं होतं आणि आरआरसीपुढे, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मांडत होते. विषय साधा होता. स्वतःचा हात चावणारी, डोकं भिंतीवर आपटणारी चार मुलं; प्रत्येकाचं ते वागणं रोज मोजायचं, ते कशामुळे टिकून आहे ते शोधायचं, मग उपाय करायचा आणि पुन्हा मोजायचं. समितीने एकमताने सांगितलं की ही फार तर केस स्टडी झाली, संशोधन नव्हे. सॅम्पल कुठंय? टी-टेस्ट कुठंय? बाहेर कॅन्टीनमध्ये माझे गाइड मला समजावत होते, “आधी डिग्री घ्या हो, मुलं काय, नंतरही बघता येतील.”

मी ऐकलं. विषय बदलला. विशेष मुलांच्या तीनशे आयांकडून ताणाची एक प्रश्नावली भरून घेतली आणि आधाराची दुसरी, आणि दोन्हींचा सहसंबंध काढला. निष्कर्ष असा की ज्या आईला घरच्यांचा आधार जास्त, तिला ताण कमी. हे कळायला तीनशे बायांचे अर्धे-अर्धे तास खायची काही गरज नव्हती. आमच्या वेटिंगमध्ये नातवाला घेऊन बसलेल्या कुठल्याही आजीने ते फुकट सांगितलं असतं. पण प्रबंध झाला, काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं उमटली, व्हायवाला पेढे वाटले. आज तो शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आहे. माझ्याखेरीज कुणी उघडला असेल असं वाटत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला होता. गदारोळ झाला, आणि व्हायलाच हवा होता, कारण ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी पीएचडीपर्यंत पोचतंय त्यांना तो टोमणा होता. तरीही माझ्या क्षेत्रापुरता तो प्रश्न मी स्वतःला विचारते. थेरपीच्या खोलीतून उठून मी साडेपाच वर्षं जे केलं, त्याने त्या खोलीतला कुठला दिवा लागला? एकही नाही. आणि दोष एकट्या माझा असता तर हा लेख लिहिला नसता.

माझं म्हणणं थोडक्यात असं: वर्तन विश्लेषण, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, फिजिओथेरपी, विशेष शिक्षण या माणसाला हात लावून करायच्या विद्या आहेत. त्यांतली डॉक्टरेट रुग्णाच्या शेजारी बसूनच व्हायला हवी, आणि चार मुलांचा नीट केलेला अभ्यास तीनशे प्रश्नावल्यांच्या बरोबरीने, खरं तर काकणभर वरचढ, धरला जायला हवा. आज उलट आहे. परिणामी ज्यांना मुलं कळतात ते पीएचडीच्या वाटेला जात नाहीत, आणि गेलेच तर वाटेत मुलं सोडून द्यावी लागतात.

वर्तन विश्लेषण म्हटलं की मुंबईत लोकांना एकदम ऑटिझम आठवतो. त्यात चूक नाही, पण मूळ कल्पना त्याहून मोठी आणि त्याहून सोपी आहे. माणूस एखादी गोष्ट करतो, तिच्या आधी काहीतरी घडतं, नंतर काहीतरी घडतं, आणि नंतर जे घडतं त्यावर ती गोष्ट पुन्हा होणार की नाही हे बरंचसं ठरतं. स्किनरने १९३८ साली हे उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं. मोजक्याच उंदरांवर, पण एकेकाची मिनिटामिनिटाची नोंद ठेवून. पुढे १९६८ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस’ सुरू झालं तेव्हा त्याच्या पहिल्याच वर्षी बेअर, वुल्फ आणि रिझली या तिघांनी या विद्येच्या अटी घालून दिल्या. त्यातली पहिली अट अशी की अभ्यासलेलं वागणं त्या माणसाच्या आणि समाजाच्या खरोखर कामाचं असलं पाहिजे. प्रयोगशाळेत सोयीचं आहे म्हणून निवडलेलं नको. ही अट आमच्या आरआरसीच्या भिंतीवर टांगावी असं मला फार वाटतं.

माझ्या त्या चार मुलांकडे परत येते, कारण मुद्दा तिथेच आहे. चौघंही हात चावायची. पहिल्याने चावलं की स्वयंपाकघरातली आई कुकर सोडून धावत यायची. दुसऱ्याने चावलं की पुढ्यातली वही बंद व्हायची. शाळेतल्या ताई घाबरून म्हणायच्या, राहू दे बाबा, नको लिहूस. तिसरा एकटा असला तरी चावायचा, त्याला त्या दाबाचीच ओढ होती. चौथ्याचं बरेच दिवस कळेना, मग लक्षात आलं की दाढ दुखतेय. आता या चौघांना एकच उपाय द्या, “चावलं की वर्गाबाहेर बसवा” हा शाळांचा लाडका उपाय. पहिल्याला शिक्षा होईल, दुसऱ्याला बक्षीस मिळेल, तिसऱ्याला काही फरक पडणार नाही आणि चौथा दाढ धरून कॉरिडॉरमध्ये बसेल. आणि चौघांची सरासरी काढलीत तर उत्तर येईल: उपायाचा परिणाम आढळला नाही.

एकाच वागण्यामागे वेगवेगळी कारणं असू शकतात आणि ती प्रत्यक्ष प्रयोग करून वेगळी काढता येतात, हे ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं. स्वतःला इजा करणाऱ्या मुलांबद्दलचा त्यानंतरचा जवळजवळ सगळा विचार त्या निबंधावर उभा आहे. त्यात सहभागी किती होते? नऊ. आमच्या समितीपुढे इवाटा आले असते तर त्यांनाही कॅन्टीनमध्ये नेऊन कुणीतरी समजावलं असतं.

“चार मुलांवरून काय सिद्ध होणार?” हा प्रश्न मूर्खपणाचा नाही, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं. एका मुलावर उपाय आज सुरू केला, दुसऱ्यावर दोन आठवड्यांनी, तिसऱ्यावर चार आठवड्यांनी, चौथ्यावर सहा. तोवर चौघांचंही मोजमाप रोज चालूच आहे. उपाय सुरू होताच त्या-त्या मुलाचा आलेख खाली आला आणि उरलेल्यांचा जागच्या जागी राहिला, असं चार वेळा घडलं, तर त्याला योगायोग म्हणायला छाती लागते. इथे प्रत्येक मूल स्वतःचंच तुलनेचं माप असतं. मग दुसऱ्या शहरात दुसऱ्या कुणीतरी तेच आणखी चौघांवर करून बघायचं. असं साठत साठत ज्ञान होतं. मोठ्या चाचण्या नकोत असं मी म्हणत नाही. गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था आणि रावळपिंडीतले संशोधक यांनी मिळून ऑटिझम असलेल्या ६५ मुलांच्या पालकांना घरीच शिकवण्याची रीतसर चाचणी केली, शिकवणारे तज्ज्ञ नव्हते तर प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते होते, आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये आले. असं काम सोन्याचं आहे. पण ते एकट्या संशोधकाच्या आवाक्यातलं नाही, त्यामागे संस्था लागते, पैसा लागतो. पार्टटाइम पीएचडी करणाऱ्या थेरपिस्टच्या हातात असतं काय? खोली, मुलं, वही आणि वेळेचं काटेकोर भान. या चार गोष्टींत बसणारी, जगभर मान्य असलेली संशोधनपद्धत अस्तित्वात आहे आणि आपण तिला दारातून परत पाठवतो.

बरं, मुंबईत संशोधनाला विषयांचा तुटवडा आहे म्हणावं, तर इतके विषय मला दुसऱ्या कुठल्या शहरात दिसत नाहीत.

पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की लक्ष वेधण्यासाठी केलेल्या आरडाओरडीकडे दुर्लक्ष करा. आधी ती वाढेल, मग विझेल. “आधी ती वाढेल” हे वाक्य लिहिणाऱ्याने बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली पाहिलेली नसते. तिथे पोर दहा मिनिटं किंचाळलं की शेजारच्या काकू दारात, पलीकडचे काका गॅलरीत, आणि आजी “मेला तो तुमचा अभ्यास” म्हणत पोराला कडेवर घेते. म्हणजे नवव्या मिनिटापर्यंत आईने जिवावर दगड ठेवून दुर्लक्ष केलं आणि दहाव्या मिनिटाला अख्ख्या चाळीने मिळून बक्षीस दिलं. मूल काय शिकलं? दहा मिनिटं किंचाळायला. मग अशा घरात दुर्लक्षाचा सल्ला द्यायचाच नाही का? की काकू-काकांनाच सामील करून घ्यायचं? मला अनुभवाने थोडंफार सुचतं, पण अनुभव म्हणजे पुरावा नाही. हा डॉक्टरेटचा विषय आहे. आणि पुढे जाऊन: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळींतली कुटुंबं आता ५०० फुटांच्या घरांत, टॉवरमध्ये जाताहेत. जाण्याआधी आणि गेल्यानंतर त्या घरांतल्या विशेष मुलांचं वागणं मोजणारं कुणी आहे का? सरकारने कोट्यवधी रुपये खर्चून आपल्यासाठी ‘आधी’ आणि ‘नंतर’ मांडून ठेवलंय, आपण फक्त वही घेऊन जायचंय. तिथे दार बंद होतं, काकू येत नाहीत. आईला ते सुखाचं जाईल की एकटेपणाचं, तेही मला माहीत करून घ्यायला आवडेल.

भाषेचं तर विचारूच नका. आमच्याकडे येणारे कितीतरी मराठी मुलगे “मी जाते”, “मी खाते” म्हणतात. कारण आई बाई, थेरपिस्ट बाई, शाळेतल्या ताई बाई, वर्गात मुलाशेजारी बसणारी शॅडो टीचरही बाईच. बाकीची मुलं खाली खेळायला जाऊन आपोआप सुधारतात. आमच्या मुलाला खाली कुणी खेळायला घेत नाही, म्हणून तो नऊ वर्षांचा होईपर्यंत “जाते”च म्हणतो आणि मग शाळेत त्यावरून हसं होतं. तहान लागली की “तुला पाणी हवं?” असं म्हणणारी मुलंही रोजची आहेत, त्यांनी ते वाक्य जसं ऐकलं तसं उचललंय आणि त्यावर पाणी मिळालंय, मग बदलायचं कशाला? इंग्रजीत ‘आय’ आणि ‘यू’ची अदलाबदल पुष्कळ अभ्यासली गेली आहे. पण आपल्या भाषेत क्रियापदालाच लिंग चिकटलेलं असताना मागणी करायला कसं शिकवायचं, “दे”पासून सुरुवात करायची की “हवं”पासून, याचा मराठी मुलांवर केलेला अभ्यास मी वर्षानुवर्षं शोधतेय. त्याऐवजी आयांना सांगितलं जातं, “घरात सगळ्यांनी इंग्रजीच बोला, म्हणजे कन्फ्युजन होणार नाही.” दोन भाषांमुळे ऑटिझमच्या मुलांचं नुकसान होतं याला आधार नाही, तरी हा सल्ला दादरपासून डोंबिवलीपर्यंत राजरोस दिला जातो. परिणाम एवढाच की आजी गप्प बसते, आणि घरातला सगळ्यांत जास्त बोलणारा माणूस थेरपीतून बाद होतो.

‘रीइन्फोर्समेंट’ला, म्हणजे हवं ते वागणं पुन्हा व्हावं म्हणून दिलेल्या बक्षिसाला, मराठीत पुस्तकी शब्द आहे ‘प्रबलन’. तो कुठल्याही आईपुढे उच्चारून बघा. आजोबांचा शब्द वेगळा असतो: लाच. “पोराला लाच द्यायला शिकवताय होय?” या एका वाक्याने माझे कित्येक उपाय घरी पोचायच्या आत मेले आहेत. या आक्षेपात थोडं तथ्यही आहे, ते वेगळं.

कायद्याच्या अंगाने पाहिलं तर हा विषय आताच का निघावा हे कळेल. २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात वर्तनविषयक आरोग्यसेवांचा एक गट आहे आणि त्यात ‘बिहेवियरल अ‍ॅनालिस्ट’ असा व्यवसाय नाव घेऊन नोंदला आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायचं तर किमान ३६०० तासांचं पदवीशिक्षण हवं, असंही तो कायदा म्हणतो. उत्तम. पण ते ३६०० तास शिकवणार कोण? आजवर ज्यांना हे रीतसर शिकायचं होतं ते अमेरिकी बोर्डाच्या बीसीबीए या वर्तन विश्लेषकाच्या प्रमाणपत्राकडे जायचे. त्या बोर्डाने १ जानेवारी २०२३ पासून अमेरिका, कॅनडा असे मोजके देश सोडून इतर ठिकाणच्या रहिवाशांचे नवे अर्ज घेणं बंद केलं. इकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. गुंडाळली; क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली, कारण ती बंद झाली तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तयार होण्याची मुख्य वाटच अडणार होती. म्हणजे परदेशी दार लागलं, देशी जिना काढून घेतला, आणि कायद्याने मात्र वरच्या मजल्यावर खुर्ची मांडून ठेवली आहे. मधल्या काळात आठवडाभराच्या ऑनलाइन कोर्सवर ‘बिहेवियर थेरपिस्ट’ अशी पाटी लावून ठाणे-कल्याणात सेंटरं निघताहेत, आणि पालक पंचेचाळीस मिनिटांचे पैसे मोजताहेत.

शिकवणारी माणसं डॉक्टरेटमधूनच येणार. आणि डॉक्टरेटचा गाइड कोण होऊ शकतो? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार त्या संस्थेतला कायम प्राध्यापक. प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार विद्यार्थी. बाहेरचा माणूस, मग त्याने पंचवीस वर्षं रोज मुलं पाहिलेली असोत, फार तर सहमार्गदर्शक. याच नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढून टाकली, ते मात्र बरं केलं. पैसे भरून छापणाऱ्या जर्नलांचं एक दुकान त्याने थोडं तरी मंदावलं असेल. पण गाइडच्या नियमाचा अर्थ आमच्याकडे असा होतो की ज्या प्राध्यापकांनी स्वतः तीनशे प्रश्नावल्यांवर डॉक्टरेट केली, तेच पुढच्यांना तीनशे प्रश्नावल्या वाटायला लावतात. मीसुद्धा, गाइड झाले असते तर, कदाचित तेच केलं असतं. जे येतं तेच माणूस शिकवतो.

मुंबईला हे अवघड जायला नको होतं. देशातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा १९५० मध्ये इथेच, केईएममध्ये, कमला निंबकरांनी सुरू केली. अमेरिकेत जन्मलेली ही बाई लग्न करून महाराष्ट्रात आली आणि वॉर्डाच्या शेजारी वर्ग मांडून बसली. वांद्रे रेक्लमेशनला वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, जुहूला एसएनडीटीचा विशेष शिक्षणाचा विभाग आहे, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था (टिस) आहे, महापालिकेची मोठी शिक्षण-रुग्णालयं आहेत. बारा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात एवढं सगळं असताना एका थेरपिस्टला वॉर्डातला गाइड, विद्यापीठातली पद्धत आणि मुलांचं घर ही तिन्ही एकत्र मिळू नयेत, हे केवळ कागदी कारभारामुळे आहे. आरोग्य विद्यापीठ नाशिकला, विशेष शिक्षण दुसऱ्या विद्यापीठात, मानसशास्त्र तिसऱ्याच शाखेत. मूल मात्र एकच असतं. त्याचं बोलणं या विद्यापीठाचं आणि चावणं त्या विद्यापीठाचं असं काही नसतं.

आता माझ्या बाजूची एक अवघड गोष्ट. वर्तन विश्लेषणाच्या नावावर वाईटही घडलेलं आहे. लोवास यांचा १९८७ चा गाजलेला अभ्यास, आठवड्याला चाळीस तास थेरपी, १९ पैकी ९ मुलं सर्वसाधारण शाळेत गेली, तो आजही मुंबईतली सेंटरं पालकांपुढे नाचवतात. त्या अभ्यासात मुलांवर ओरडणं आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणं हाही उपायांचा भाग होता, हे सांगत नाहीत. ऑटिझम असलेली माणसं मोठी होऊन आता स्वतः बोलू लागली आहेत: आम्हाला डोळ्यांत बघायला लावलंत, हात हलवू दिले नाहीत, कुणासाठी? हा प्रश्न मला अंगावर येतो, कारण मीही सुरुवातीची काही वर्षं “माझ्याकडे बघ” म्हणत मुलांची हनुवटी वर केलेली आहे. आणि म्हणूनच मला डॉक्टरेट खोलीत हवी आहे. प्रश्नावलीत ही शरम कधी येत नाही. रोज मोजणाऱ्या माणसालाच एखाद्या दिवशी प्रश्न पडतो की मी जे मोजतेय ते या मुलाचं सुख आहे की माझी सोय. १९६८ ची ती पहिली अट प्रबंधात लिहून दाखवावी लागली, व्हायवाला त्यावरच अर्धा तास गेला, तर पुष्कळ वाईट गोष्टी विषय ठरतानाच गळून पडतील.

प्रत्येक थेरपिस्टने पीएचडी करावी असं मात्र मुळीच नाही. बहुतेकांना तिची गरज नाही, आणि नावापुढे ‘डॉ.’ लागावं म्हणून तर अजिबात करू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र आरोग्यसेवा महासंचालनालयाने काढलं आणि लगोलग मागेही घेतलं. त्या आठवड्यात आमचे सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटले होते. त्याच ग्रुपांवर कुणाचा प्रबंध कशावर आहे याची चर्चा झालेली मला आठवत नाही. दोन अक्षरांसाठी एवढी आग आणि दोनशे पानांबद्दल एवढी शांतता!

ही विद्या लहान मुलांपुरतीही नाही, आणि आरोग्यखात्याने तिच्याकडे बघावं असं मला वाटतं ते यामुळे. क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्याची योजना एप्रिल २०१८ मध्ये आली, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. वर्तन विश्लेषकाच्या डोळ्यांना यात लगेच एक प्रयोग दिसतो. हे पैसे पोषणाचे असले तरी ते कधी हातात पडतात यावर गोळ्या नेमाने घेतल्या जातात की नाही हे काही अंशी ठरत असेल का? महिन्याच्या महिन्याला आले तर काय, आणि तीन महिन्यांचे एकदम आले तर काय? बक्षीस जितकं उशिरा तितका त्याचा जोर कमी, हे तत्त्व जुनं आहे. धारावीतल्या किंवा गोवंडीतल्या रुग्णांच्या बाबतीत ते किती खरं आहे, हे थोड्या माणसांवर, रोज मोजूनच कळेल. मुंबईत असं काम झालेलंही आहे, फक्त विद्यापीठाबाहेर. २००९-१० च्या सुमारास वडाळ्याला रूळ ओलांडणाऱ्यांसाठी फायनलमाइल या सल्लागार कंपनीने मध्य रेल्वेबरोबर एक प्रयोग केला. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्याला कळावा. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. मोटरमनला एका लांबलचक भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे द्यायला सांगितलं. “रूळ ओलांडू नका”च्या पाट्या कित्येक वर्षं होत्याच. त्यांनी पाट्या वाचणाऱ्याला शहाणं करायचा नाद सोडला आणि पावलाच्या आधीची परिस्थिती बदलली. यावर एखादी सुंदर डॉक्टरेट होऊ शकली असती. आपण त्याच काळात बहुधा रेल्वे प्रवाशांच्या जागरूकतेची प्रश्नावली भरून घेत होतो.

काय करायला हवं हे फार गूढ नाही. एकल-व्यक्ती प्रयोगपद्धत, म्हणजे वर सांगितलेली थोड्या माणसांवर रोज मोजायची पद्धत, ग्राह्य आहे असं आरआरसीच्या कागदावर एका ओळीत लिहावं लागेल, कारण आपल्याकडे ओळ असल्याशिवाय काही होत नाही. रुग्णालयातल्या अनुभवी थेरपिस्टला नावापुरता नव्हे, खराखुरा सहमार्गदर्शक करावं लागेल. तपासणाऱ्यांत निदान एक जण असा हवा ज्याने आलेख वाचलेत. महापालिकेतल्या थेरपिस्टला तीन वर्षं रजा मिळणार नाही, तेव्हा तिच्या ओपीडीचे तास हेच संशोधनाचे तास धरले जावेत. आणि प्रबंधासोबत दोन पानं मराठीत, ज्या घरांतून मुलं आली त्या घरांना द्यायची. माझ्या तीनशे आयांपैकी कुणालाही मी काही परत केलेलं नाही. त्यांतली एक मागे दादर स्टेशनच्या पुलावर भेटली आणि तिने विचारलं, “मॅडम, त्या फॉर्मांचं पुढे काय झालं?” मी “झालं की” म्हणाले आणि गर्दीत पुढे सरकले.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक मुलगी आली होती, विरारहून. सहा वर्षं प्रॅक्टिस झालीय. तिला “मी जाते” म्हणणाऱ्या मुलांवरच काम करायचंय. बाबांना, काकांना, खालच्या वॉचमनला थेरपीत आणायचं आणि क्रियापद बदलतं का ते बघायचं. तीन मुलं आहेत. सिनॉप्सिस उत्तम लिहिलाय, पण ‘तीन’ हा आकडा तिने अकराव्या पानावर, एका परिच्छेदाच्या पोटात दडवलाय. मी तो पेनने गोल करून पहिल्या पानावर आणायला सांगितला. ती म्हणाली, “मॅडम, मग ते हसतील.” गाइडच्या यादीतली नावं आम्ही दोघींनी मिळून पाहिली. दोघांना फोन केला, एकाने विषय ऐकून घेतला आणि विचारलं, “स्केल कुठली वापरणार?” स्केल म्हणजे पुन्हा प्रश्नावलीच. दुसऱ्या बाई म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी या, आणि येताना त्या मुलांचे व्हिडिओ आणा. तर गुरुवारी ती जातेय.